बहीगाचं थबकणं

मोहम्मद अली रस्ता, कैरो
२० जानेवारी १९९४

तफीदा,

अक्षर ओळखलंस का? बाबांनी एकाच पाटीवर दोघींना अलिफ गिरवायला लावला होता. तुझा ताठ उभा राहायचा, माझा कलंडायचा. अजून कलंडतोच, तेव्हा पत्र कुणाचं हे कळायला खालची सही बघायची गरज नाही.

घाबरू नकोस, टपालानं पाठवत नाही. झकिया शिंपीण गेल्या आठवड्यात मुस्कीच्या बाजारात कापड घ्यायला आली होती. तीच आपली झकिया, जी आपल्या कमरपट्ट्यांना मणी टाकायची. तिच्या तोंडून कळलं की तू तांतातच आहेस, तिच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर. तुझे यजमान हाज मितवल्ली वारले म्हणे. अल्ला त्यांना चांगली जागा देवो. त्यांच्या पहिल्या बायकोचा मुलगा रमदान तुला सांभाळतो, सगळी गल्ली तुला उम्म रमदान, रमदानची आई, म्हणून हाक मारते, आणि त्या घरात कुणालाही ठाऊक नाही की तू कधीकाळी कोण होतीस. कैरोत शिवणकाम करायचे, असं सांगितलं आहेस म्हणे. जन्मात कधी सुईत दोरा तरी ओवला होतास का? असो. पत्र झकियाच्या गाठोड्यातून येईल. वाच आणि चुलीत घाल.

तेहतीस वर्षांनी का लिहितेय म्हणशील. काही नाही. एक गंमत झाली, आणि ती कळेल असं दुसरं कुणी उरलं नाही.

माझ्याकडं एक परदेशी बाई शिकायला येते. फिनलंड नावाच्या देशातून आली आहे, तिथं वर्षातले सहा महिने बर्फ असतं. नाव किर्सी. ते कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून खालच्या चहावाल्याच्या बायकोनं तिचं परस्पर कौसर करून टाकलं. वय पस्तिशीचं, नवरा नाही, मूल नाही, पिठासारखी गोरी. बसल्याबसल्या वही उघडते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "उस्ता, मला नाच शिकवू नका. मला तो सुटा करून द्या."

मी म्हटलं, "सुटा म्हणजे? कोंबडी आहे का?"

म्हणाली, "एकेक हालचाल वेगळी. फक्त कंबर. मग फक्त खांदा. मग मी त्या घरी नेऊन जोडीन."

तिकडं या नाचाला पोटाचा नाच म्हणतात. आपल्यात पोटानं कोण नाचलंय गं? दौलत मावशी तर पोटावर बोट ठेवून सांगायची, हे फक्त भाकरीसाठी. पण शिकवणीचं काम आहे, म्हटलं बघू. मी नाचले. ती म्हणाली थांबा. मागं जा. आता हाताशिवाय. आता फक्त उजवी बाजू. "याला काय म्हणतात?"

नाव! अगं, आपण तेरा-चौदा वर्षांच्या असताना मावशीची चादर धरून लग्नांतून मागं मागं हिंडलो, तेव्हा तिनं कधी नाव सांगितलं? "बघ" एवढंच म्हणायची, आणि चुकलं की मांडीला चिमटा. पण हिचं पेन वर धरलेलं. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? मी म्हटलं, "चाळण." कमरेची ती बारीक थरथर, पीठ चाळल्यासारखी. लिहून घेतलं. मग कंबर आतल्या आत फिरवतो ती "किल्ली". बाजूनं धक्का देतो ते "हात भरलेत, दार लाव". छातीची लाट येते ती "उचकी". जमिनीवर आठ काढतो ते "फरशी पूस". ती मान डोलावून डोलावून लिहीत होती. शेवटी विचारलं, "ही नावं किती जुनी?"

मी म्हटलं, "फारोच्या काळातली."

ती चाळण करायला लागली की तिचे गुडघे थडथड आपटतात, आणि ती म्हणते इथली फरशीच सपाट नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण चिवट आहे. चौदा हालचाली झाल्या. पुस्तक काढणार आहे, फोटोंसकट, आणि व्हिडिओ कॅसेटही.

मी बरी आहे. गुडघे गेले, दात आहेत. तू हसलीस का, एवढं झकियाला सांग.

बहीगा

१० फेब्रुवारी १९९४

तफीदा,

झकिया म्हणाली, तू पत्र घेतलंस, छातीशी खोचलंस आणि तिला चहा पाजलास. हसलीस का ते तिला सांगता आलं नाही. म्हणाली, "तुमच्या बहिणीचा चेहरा आता बंद दारासारखा झालाय."

परवापासून रमजान. किर्सीला सांगितलं, महिनाभर सुट्टी. त्याआधी तुला एक सांगायलाच हवं. पहिल्या पत्रात गमतीजमती लिहिल्या आणि खरी गोष्ट टाळली. तुझी बहीण, दुसरं काय करणार.

किर्सी कैरोत का आली ठाऊक आहे? तो काळापांढरा सिनेमा आठवतो, ज्यात हिरो दारू पिऊन रडतो आणि मागं मी दोन मिनिटं नाचते? त्याची कॅसेट तिच्याकडं आहे. शंभरदा पाहिली म्हणते. ती लावून एका जागी तिनं बटण दाबून मला पडद्यावर गोठवलं. उजवी कंबर खाली पडलेली, उजवा हात बेंबीखाली, डोळे कुठंतरी लांब. "हे. इथं. याला बहीगाचं थबकणं म्हणतात ना? बाकी सगळ्या नाचणाऱ्या पुढं जातात, तुम्ही एकट्याच थांबता. मी यासाठी आले."

अख्खा रस्ता त्याला त्याच नावानं ओळखतो. मी नुसतं हो म्हणायचं होतं. पस्तीस वर्षं म्हणतच आले आहे. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "नाही. त्याचं नाव तफीदा."

"म्हणजे काय?"

"माझी बहीण. ते तिचं आहे."

तिनं तिच्या अक्षरात लिहून घेतलं आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. आता त्या बर्फाच्या देशात बायका आरशासमोर उभ्या राहणार आणि कुणीतरी म्हणणार, चला, आता तफीदा करा. मला बरं वाटलं. वाटलं, तुझं होतं ते तुला दिलं.

झकियाला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "अहो, तो रमदान आईचं नाव भाजीवाल्यासमोर घेत नाही. रेशनच्या कार्डावर लिहितानासुद्धा हात आडवा धरतो. आणि तुम्ही ते नाचाच्या कॅसेटवर घातलंत?"

मला सुचलंच नव्हतं. खरंच सांगते. आमच्या रस्त्यावर बाईचं नाव भिंतीवर लागलं की ती मोठी झाली. तुमच्याकडं नाव कळलं की ती मेली. मी मोहम्मद अली रस्त्याची बाई, मला दुसरं कसं सुचणार?

तेव्हा आता तूच सांग. किर्सी १० मेला परत जाते. तोवर नाव खोडता येईल, नंतर छापून झालं की नाही. ठेवू की काढू? एक शब्द झकियाजवळ दे. "ठेव" म्हणालीस तर मला कळेल की तू... ते जाऊ दे. एक शब्द दे.

ते थबकणं तुझं होतं हे मी कबूल करते. बन्हा गावच्या पाटलाकडच्या, उमदाकडच्या लग्नातलं. मी तुला नको म्हणत होते, तूच हट्टानं नाचायला उभी राहिलीस, आणि मग जे व्हायचं ते झालं. नशिबापुढं कुणाचं चालतं?

बहीगा

१७ मार्च १९९४

तफीदा,

ईद मुबारक. यंदा ईदची बिस्किटं, काह्क भाजले नाहीत, एकटीसाठी कोण साखर भुरभुरवणार? शेजारणीनं आठ पाठवले, चार उरलेत.

झकियानं सगळं सांगितलं. मागचं पत्र तू तिच्या दुकानातच उघडलंस म्हणे, मशीनशेजारच्या स्टुलावर बसून. शेवटी आलीस तेव्हा एका ओळीवर बोट ठेवून तिला म्हणालीस, "हे वाच गं, माझे डोळे नीट काम करत नाहीत." तिनं वाचलं. "तूच हट्टानं नाचायला उभी राहिलीस." तू हसलीस. झकिया म्हणते, तसलं हसू ऐकून तिला मशीनवरचा पाय उचलावासा वाटला. मग तू म्हणालीस, "उस्ताला सांग, त्या गोरीला नाच सुटा करून देतेस ना, तसं बन्हाही सुटं कर."

दुसरा काही निरोप नाही. ठेवू की काढू, काहीच नाही.

तू मला अजून उस्ता म्हणतेस. जन्मापासून अब्ला म्हणायचीस, कुठलीही धाकटी थोरलीला म्हणते तसं. मारामारीतसुद्धा "अब्ला, माझे केस सोड" म्हणायचीस. मग एका दिवशी उस्ता म्हणालीस, टोळीतल्या दरबुक्याचा ढोल वाजवणाऱ्यानं, व्हायोलिनवाल्यानं मालकिणीला म्हणावं तसं, आणि निघून गेलीस. त्या दिवसाबद्दलही लिहायचंय. आज होत नाही.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, ही कोण लागून गेली? तांतात हाजची बायको होऊन बसली म्हणून मला हुकूम सोडते? पत्र लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. मग ईदच्या दुपारी खिडकीत बसले, खाली पोरी नव्या कपड्यांत नाचत होत्या, आणि त्यांतल्या एकीनं कंबर टाकली. तशीच थबकली. दहा वर्षांची असेल. तिनं कुणाकडून उचललं, तिच्या आईकडून, आईनं माझ्याकडून, आणि मी...

थोडा वेळ दे मला.

बहीगा

१४ एप्रिल १९९४

तफीदा,

काल किर्सी म्हणाली, "उस्ता, आता एकच राहिलं. तफीदा."

मी म्हटलं, बघ आणि कर. ती म्हणाली, बघून येत नाही. माझ्यामागं उभी राहिली, दोन्ही हात माझ्या कमरेवर ठेवले आणि म्हणाली हळू करा. केलं. उजवी कंबर पडते, दरबुक्याच्या "दुम" ठोक्यावर. हे कळलं म्हणाली. मग दोन्ही गुडघे जरासे वाकतात. हेही कळलं. मग उजवा हात वरून खाली येतो, बोटं मिटलेली, आणि बेंबीखाली टेकतो.

"हा का येतो?"

"येतो."

"कुठल्याच नाचात येत नाही. बरं. मग श्वास आत, आणि सगळं थांबतं. किती मोजायचे?"

"मोजत नाहीत."

"मोजायलाच हवेत, उस्ता. नाहीतर माझ्या बायकांना कळायचं कसं, परत कधी उठायचं?"

मी खाली बसले. तिला वाटलं गुडघा दुखावला, पाणी घेऊन आली. मी म्हटलं, पाच. पाच मोजायचे. कारण हनफीनं पाच मोजले होते. त्याचा हात दरबुक्यावर अधांतरी राहिला होता. तू, त्याची बायको, चुकत नसायचीस. तू चुकलीस म्हणून तो वाट बघत होता. पाचवर तू मान वर केलीस, त्यानं "दुम" दिला आणि अख्ख्या अंगणानं टाळ्या वाजवल्या.

तू म्हणालीस, सुटं कर. करते.

बन्हाला आपण सकाळी पोचलो. उमदाच्या घरच्या बायकांनी पावट्याची उसळ आणि अंडी दिली, तू खाल्लं नाहीस. मला कोठीत ओढून नेलंस आणि म्हणालीस, "अब्ला, डाग दिसतोय. चौथा महिना सरत आलाय. मी आज बसते, तू एकटी नाच."

मी नको म्हटलं नाही. तू हट्ट केला नाहीस. मी काय म्हणाले ते तुलाही ठाऊक आहे. आज पहिल्यांदा ते लिहिते. मी म्हणाले, "सगळ्याच बायकांना रक्त येतं. फडकं बांध आणि ये."

उमदानं दोघी बहिणी मागितल्या होत्या. एक आली असती तर पुढच्या लग्नाला इतिमादच्या टोळीला बोलावणं गेलं असतं. एवढंच. इतिमाद! तिच्या कमरेला धड वळण नव्हतं, आणि तिच्या भीतीनं मी तुला उभी केली. आणि मला कळत नव्हतं असं म्हणू नकोस, मीही म्हणणार नाही. दौलत मावशीनं मला सांगून ठेवलं होतं की चौथ्यात डाग दिसला तर बाईला झोपवून ठेवायचं, पाय उशीवर. मला माहीत होतं, तफीदा. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

दुपारी अंगणात तू नाचलीस. कंबर पडली, आणि मग ते झालं. तुझा हात खाली गेला. मी समोर होते, मी तुझा चेहरा पाहिला, आणि तरी मी बोटांतल्या झांजा, झिल्स वाजवत राहिले. टाळ्या पडल्या. मग उमदाची म्हातारी आई उठली. आठवतं? तिनं स्वतःची काळी चादर काढली आणि तुझ्या कमरेला गुंडाळली. सगळ्यांना वाटलं, म्हातारीनं नाचणारणीचा मान केला. बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गलका केला. ती तुला गुंडाळत गुंडाळत माझ्याकडं बघत होती. ती एकटीच होती जिनं बघितलं आणि काही केलं. मी तुझी बहीण होते.

आणखी एक. ते तुलाही ठाऊक नाही.

तू शुद्धीवर आलीस तेव्हा विचारलंस, "काय होतं?" मी म्हटलं, "काही कळण्यासारखं नव्हतं. गोळा नुसता." खोटं. दाईनं मला हाताला धरून बाहेर नेलं होतं आणि सांगितलं होतं, मुलगी होती. तिनंच फडक्यात बांधली. मी उमदाच्या शेताच्या बांधावर, उंबराखाली तिला मातीत ठेवली. वाटलं, नाव नसलेल्या गोळ्यासाठी बाई महिनाभर रडते, मुलीसाठी जन्मभर रडेल, आणि मग नाचायला कोण उभं राहणार?

तू तीन महिने अंथरुणात होतीस. त्या तीन महिन्यांत इमादुद्दीन रस्त्यावरच्या थिएटरात मला एकटीला बोलावणं आलं. पहिल्याच कार्यक्रमात माझी कंबर पडली आणि मी थांबले. हात खाली नेला. पाच मोजले. आधी ठरवलं नव्हतं, अल्लाची शपथ, पण दुसऱ्या दिवशी ठरवून केलं, आणि तिसऱ्या दिवशी पोस्टरवर माझं नाव दुप्पट मोठं झालं. पुढं तीन वर्षं ते तुझ्यापासून लपवलं. तुला म्हणायची, थिएटरात धूर असतो, तुझ्या छातीला सोसायचा नाही. मग हनफीनं तुला तलाक दिला. त्या दिवशी तू रडत मला शोधत थिएटरात आलीस, आणि पडद्यामागं उभी राहून ते बघितलंस. मी आत आले तर तुझे डोळे कोरडे होते. म्हणालीस, "छान करतेस, उस्ता. माझ्यापेक्षा छान."

तिथून तू गेलीस ती गेलीस.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडानं मागू? फक्त सांगितलं. नाव ठेवू की काढू ते अजून सांगितलं नाहीस. किर्सी जायला सव्वीस दिवस आहेत. खालच्या शहाता वाण्याकडं फोन आहे, आकडा झकियाला दिलाय. मला फोन करशील असं वाटत नाही. तरी दिलाय.

बहीगा

५ मे १९९४

तफीदा,

सोमवारी शम्म-एन-नसीम, वसंताचा सण होता. सगळा रस्ता कालव्याकाठी खारवलेला मासा खायला गेला होता. मी घरीच होते, शहाताही दुकान अर्धं उघडं ठेवून बसला होता, म्हणून ऐकू आलं. त्यानं खालून हाक मारली, "सित बहीगा, तांताहून."

तीन जिने मी कशी उतरले मला आठवत नाही. फोन कानाला लावला. तिकडं झकियाचं मशीन चालू होतं, मग थांबलं.

तुझा आवाज म्हातारा झालाय. कशी आहेस नाही, ईद मुबारक नाही. म्हणालीस, "मुलगी होती?"

मी म्हटलं, "हो."

"नक्की?"

"दाईनं दाखवली मला."

मग म्हणालीस, "हनफी म्हणायचा मुलगा होता. माझा मुलगा मारलास, म्हणायचा. तलाक देताना साक्षीदारांसमोर तेच म्हणाला. मी छत्तीस वर्षं मुलासाठी दुवा मागितली."

तेव्हा खरं सांगितलं असतं तर निदान रडायचं कुणासाठी एवढं तरी तुला कळलं असतं. तेवढंही मी तुझ्याजवळ राहू दिलं नाही. मी "तफीदा" एवढंच म्हटलं, आणि तू म्हणालीस, "रडू नकोस, मला ऐकू येत नाही."

मग तू विचारलंस, ती गोरी कधी जाते. मी म्हटलं, दहाला.

"माझं नाव काढ तिथनं," म्हणालीस. "रमदान वाईट नाही, पण तो मरेल लाजेनं. माझं काढ. तिचं घाल."

"कुणाचं?"

"मुलीचं. कुठंतरी कुणीतरी ते म्हटलं पाहिजे. तुझ्या त्या बर्फाच्या बायका म्हणोत."

तुम्ही नाव ठरवलं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. म्हटलं, "नाव ठेवलं होतं?"

"मुलगा झाला तर नाव हनफीनं ठेवायचं. मुलगी झाली तर मी."

शहाता चीज तोलायचं थांबवून माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं पाठ केली.

आणि मग तू म्हणालीस, "बहीगा."

जन्मात तू मला कधी नावानं हाक मारली नव्हतीस. आधी अब्ला, मग उस्ता. मला वाटलं, अखेर मला हाक मारलीस. काय वाटेल ते बोलणार असशील, शिव्या देणार असशील, तरी मला बोलावलंस. मी म्हटलं, "हं, बोल. ऐकतेय मी."

तू म्हणालीस, "तुला नाही. तिचं नाव सांगतेय."

आणि फोन ठेवलास.

आज किर्सी आली. मी तिला वही उघडायला लावली आणि म्हटलं, तफीदा खोड, बहीगा लिही. ती खूश झाली. खोडताखोडता म्हणाली, "म्हणजे रस्त्यावरची माणसं म्हणतात तेच बरोबर होतं. बहीगा म्हणजे तुम्हीच ना?"

मी म्हटलं, "नाही. माझी भाची."